जॅकवरची खुर्ची

"तुमचं मशीन वास स्कॅन करतं का?"

मिस अर्नेस्टीन माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. ना नाव, ना गाव, ना गुड मॉर्निंग. जर्सी सिटीतली नोकरी सोडून मी या लहानशा गावातल्या विद्यापीठाच्या लायब्ररीत नुकतीच लागले होते. जुने कागद, फोटो, नकाशे स्कॅन करायचे आणि कॉम्प्युटरवर नीट लावून ठेवायचे, हे माझं काम. समोर एक उंच, सडपातळ, सत्तरी ओलांडलेली ब्लॅक बाई उभी होती. अगदी बारीक कापलेले पांढरे केस, पायात धावायचे बूट आणि पुढे केलेल्या तळहातावर पत्र्याची गंजलेली डबी. झाकण उघडून त्यांनी ती माझ्या नाकाखाली धरली. आत केसांना लावायच्या पोमेडचा पिवळा थर तळाला चिकटलेला होता. वास मात्र अजून टिकून होता, थोडा व्हॅसलीनचा, थोडा लवंगेचा.

"नाही हो, वास नाही होत स्कॅन," मी म्हटलं.

"मग तुम्ही लोक नक्की जपता तरी काय?" एवढं बोलून त्या निघूनही गेल्या. डबी माझ्या टेबलावरच राहिली.

मला राग आला. नवीन नोकरी, ग्रीन कार्डचं भिजत घोंगडं, त्यात ही बाई पहिल्याच आठवड्यात माझ्या कामाचं उणं काढते! डबी परत करायला मी तणतणत वरच्या मजल्यावर गेले आणि तासाभराने खाली आले ती त्यांच्या प्रोजेक्टचं निम्मं काम अंगावर घेऊन. हे कसं झालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्यांच्यापुढे उभं राहिलं की आपण काही कबूल करतोय हे कबूल करून झाल्यावरच कळायचं.

आमच्या विद्यापीठात फक्त विज्ञान आणि इंजिनिअरिंग शिकवतात. इथला इतिहास म्हणजे टर्बाइन, दुर्बिणी, पेटंटं आणि दाढीवाल्या संस्थापकांची तैलचित्रं. या इतिहासात ब्लॅक विद्यार्थी शोधायचे तर ग्रुप फोटोच्या कडेला शोधावे लागत, आणि तिथेही खाली नाव नसे. मिस अर्नेस्टीन त्याच कडेवरच्या. इथेच इलेक्ट्रिकल शिकल्या, पुढची सगळी वर्षं वीज कंपनीत काढली, आणि रिटायर झाल्यावर माणसं उबदार फ्लोरिडाला जातात, त्या मात्र उलट पावली या थंड गावात येऊन राहिल्या. विद्यापीठाने त्यांना ब्लॅक हिस्ट्री प्रोजेक्टच्या नावाखाली एक खोली आणि एक टेबल दिलं होतं. खुर्चीही दिली असावी, पण त्या खुर्चीवर कायम खोकी असायची.

पायाला भिंगरी म्हणतात ती मी त्यांच्या पायाला बघितली. मीटिंग चालता चालता. फोन चालता चालता. सँडविच जिना चढताना. बाकी सगळे त्यांना डॉक्टर किंवा मिसेस म्हणून आडनावाने हाक मारायचे. मला त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं, "मला मिस अर्नेस्टीन म्हण. आमच्याकडे मोठ्या बाईला असंच म्हणतात." म्हणजे साधारण आपल्या मावशीसारखं. मला त्या 'बेबी' म्हणत. चाळिशी उलटलेल्या, चष्मा लागलेल्या बाईला कोणी बेबी म्हटलं की आधी हसू येतं, मग सवय होते, आणि मग ती हाक ऐकू आली नाही तर दिवस चुकल्यासारखा वाटतो.

आता खुर्चीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच फिरतं.

मिस अर्नेस्टीन शिकत होत्या त्या काळात या गावात न्हाव्याची दुकानं होती, पण ब्लॅक मुलगा आत शिरला की न्हावी म्हणे, "सॉरी, तुमच्या प्रकारचे केस कापता येत नाहीत आम्हाला." भेदभावाला बंदी घालणारा कायदा केव्हाच झाला होता. आडवं कोणी बोलत नसे. नुसतं 'येत नाही' म्हणायचं, की संपलं. जवळचं ब्लॅक वस्तीचं शहर बसने अर्ध्या दिवसावर. मग क्लॅरेन्स नावाच्या मेकॅनिकलच्या मुलाने लॅबच्या तळघरात, बॉयलरशेजारी, एक खुर्ची बनवली. पाय मोडीत काढलेल्या स्टुलाचे, पाठ जुन्या बसच्या सीटची, आणि सीटखाली ट्रकचा हायड्रॉलिक जॅक. दांडा पायाने दाबला की माणूस हळूहळू वर जायचा. केस कापायचं मशीन सेकंडहँड होतं, त्याची मोटर याच मुलांनी पुन्हा गुंडाळली. जो केस कापायचा तो पास होऊन जाताना खालच्या वर्गातल्या एकाला शिकवून जायचा. खुर्ची अशी हातोहात पुढे जायची. दोन वर्षं ती मिस अर्नेस्टीनकडे होती. त्यांचे वडील न्हावी, त्यामुळे कात्री त्यांच्या हातात लहानपणापासून. "त्या तळघरात मी एकटी मुलगी होते," त्या सांगत, "आणि सगळ्यांच्या माना माझ्या हातात होत्या. कोणी मला वेडंवाकडं बोलायची हिंमत करेल?"

पुढे गावात ब्लॅक माणसाचं दुकान निघालं, खुर्चीची गरज संपली आणि कोणीतरी ती घरी नेली. मिस अर्नेस्टीनना ती तीन राज्यांपलीकडे एका गॅरेजमध्ये गवत कापायच्या मशीनमागे सापडली. ती अखेर क्लॅरेन्सकडेच पोचली होती आणि तो गेल्यावर त्याच्या बायकोने जपली होती. तिने खुर्ची यांना देऊन टाकली, आणि या ती भाड्याच्या व्हॅनमध्ये घालून एकट्या ड्राइव्ह करत घेऊन आल्या.

खुर्ची आल्यावर त्या प्रोजेक्टसाठी घ्यायच्या त्या मुलाखतींचा नूरच पालटला. त्याआधी त्या मुलाखती म्हणजे माझ्या डोक्याला ताप होता. जुने विद्यार्थी यायचे, मी रेकॉर्डिंग लावायची, आणि मिस अर्नेस्टीन त्यांना बोलूच द्यायच्या नाहीत. पाहुण्याने "त्या वर्षी हिवाळ्यात" म्हटलं की यांनी तो हिवाळा स्वतःच सांगून टाकलेला असायचा. मी काचेपलीकडून हातवारे करायची. व्यर्थ. पण एकदा एक रिटायर झालेले मोठे शास्त्रज्ञ आले. ते भलतेच अवघडलेले. "इथे सगळं छान होतं, शिक्षक चांगले होते," यापुढे गाडी जाईना. मिस अर्नेस्टीन उठल्या, त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, दोन वेळा दांडा दाबला आणि मागे उभ्या राहून कात्री चालवायला लागल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने ते गृहस्थ आपणहून बोलायला लागले. लॅब पार्टनर मिळायचा नाही म्हणून दोन माणसांचा प्रयोग एकट्याने कसा करायचे ते. एका हाताने स्टॉपवॉच, दुसऱ्या हाताने वजन, आणि दोरी दातात. दोरीचं सांगताना त्यांचा आवाज फुटला. कात्री थांबली नाही.

"हे तुम्हाला कसं सुचलं?" मी नंतर विचारलं.

"सुचायचंय काय? माझे वडील आयुष्यभर हेच करत होते. समोर बसून विचारलं की माणूस परीक्षा देतो. मागे उभं राहिलं की बोलतो."

तेव्हापासून सगळ्या मुलाखती तशाच झाल्या. विद्यापीठातल्या कित्येक रेकॉर्डिंगमध्ये मागे कात्रीची कचकच ऐकू येते. ती काढून टाकायचं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं. मी ते वापरलं नाही.

मग मेकॅनिकलवाल्यांनी घोळ घातला. नव्या इमारतीच्या लॉबीत विद्यापीठाच्या इतिहासाचं प्रदर्शन लागणार होतं आणि त्यात खुर्ची ठेवायचं ठरलं. त्याआधी ती तपासायला म्हणून त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेली. खुर्ची एका बाजूला कलायची. इंजिनिअरला वाकडं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवतात, आणि इथे तर दहा-बारा इंजिनिअर एकत्र. त्यांनी लेव्हल लावली, आखूड पायांखाली पोलादाच्या चकत्या वेल्ड केल्या, जॅकचं तेल बदललं आणि खुर्ची ओळंब्यात आणून हौसेने आम्हाला बघायला बोलावलं. डोनट्सही ठेवले होते.

मिस अर्नेस्टीन दारातच थांबल्या. मी त्यांना थांबलेलं क्वचितच बघितलं होतं.

"ती वाकडी होती, मॅम," एक प्रोफेसर आनंदाने म्हणाले. "आम्ही फिक्स केली."

"तळघरात दिवा एकच होता," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. "एका कोपऱ्यात. डोकं त्या बाजूला कललं नाही तर मानेवरचं काही दिसायचं नाही. क्लॅरेन्सने पाय मुद्दाम कापले होते. तुम्ही खुर्ची नाही सरळ केलीत, तळघर पुसून टाकलंत."

कोणी डोनटला हात लावेना. खरं म्हणजे ती माणसं चांगली होती, जीव लावून काम केलं होतं बिचाऱ्यांनी, पण आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. मिस अर्नेस्टीननी ग्राइंडर मागितला, गॉगल चढवला आणि चकत्या स्वतः कापून काढल्या. ठिणग्या उडत होत्या आणि प्रोफेसर मंडळी शाळेतल्या मुलांसारखी भिंतीला लागून उभी होती. काम झाल्यावर त्यांनी डोनट उचलला आणि म्हणाल्या, "तेल बदललंत ते मात्र बरं केलं."

त्याच सुमारास माझी आई नागपूरहून आली होती. मी तिला खुर्ची दाखवायला नेलं. सोबत आलेली माझी लेक वैतागली होती, "आई, इट्स जस्ट अ चेअर, यार." आईला इंग्रजी येत नाही. मी समजावून सांगायला लागले तर तिने मला अर्ध्यात थांबवलं.

"समजलं वं मले. आपल्या गावात तरी काय येगळं होतं? न्हावी हात नव्हता लावत आपल्या माणसाले. म्हशी भादरे, पण आपल्याले नाही. तुह्या आजोबाचे केस त्याचा भाऊच कापे."

मी हे शेजारी उभ्या असलेल्या मिस अर्नेस्टीनना इंग्रजीत सांगितलं. म्हशीचं सांगताना माझी जीभ अडखळली. आजोबांचं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण घरात ते कोणी बोलून दाखवत नसे, आणि मी तर ते असं, परक्या भाषेत, मोठ्याने कधीच उच्चारलं नव्हतं. मिस अर्नेस्टीननी आईकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "भाऊ बरे कापायचा का?"

"कायचे बरे!" आई म्हणाली. "उंदरानं कुरतडल्यावानी."

दोघी इतक्या हसल्या की माझं भाषांतर कोणालाच लागलं नाही. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं.

आणि मग ती पाटी.

खुर्चीच्या शेजारी लावायच्या पाटीवर मिस अर्नेस्टीननी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यातली पहिली अशी: या गावातले न्हावी ब्लॅक विद्यार्थ्यांचे केस कापत नसत, म्हणून ही खुर्ची बनवली गेली. डीनच्या ऑफिसमधून पाटी परत आली तेव्हा ती ओळ नव्हती. 'विद्यार्थ्यांच्या कल्पकतेचा नमुना' अशी नवी सुरुवात होती. ऑफिसमधले मिस्टर कोल स्वतः समजवायला आले. माणूस वाईट नव्हता. आवाज हळू, हातांना घाम.

"सध्या वातावरण कसं आहे तुम्ही बघताय," ते म्हणाले. "ब्लॅक विद्यार्थ्यांबद्दलची आपली काही वेब पेजेस सरकारच्या दबावामुळे आधीच काढावी लागली. त्या एका वाक्यावरून सगळं प्रदर्शन बंद पडलं तर? शिवाय लेखी पुरावा नाही. आपण सायन्सवाले आहोत, मॅम."

"न्हावी काय नकार लिहून देणार होता?" मिस अर्नेस्टीननी विचारलं.

"खुर्ची तर राहील ना. कायमची. लॉबीत."

खुर्ची अजून मिस अर्नेस्टीनच्या मालकीची होती. दानपत्रावर सही केली की ती विद्यापीठाची, त्या पाटीसकट. नाही केली तर काचेचं कपाट दुसऱ्या कशाने तरी भरणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यांना मूल नव्हतं. प्रोजेक्टचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार नाही असंही आडून आडून सांगून झालं होतं, आणि अटलांटाची भाची इथलं सगळं आवरून आमच्याकडे ये म्हणून मागे लागली होती. तिच्या फ्लॅटमध्ये खुर्चीला जागा नव्हती.

ते दिवस फार वाईट गेले. मिस अर्नेस्टीन कॅम्पसवर नुसत्या फिरायच्या. खिडकीतून बघितलं की कधी तळ्यापाशी, कधी पार्किंगमध्ये, कधी त्या रिकाम्या कपाटासमोर. मला कामात चित्त लागेना. घरी नवऱ्याशी विनाकारण भांडले. एकदा मी त्यांना पार्किंग लॉटमध्ये गाठलं आणि मनातलं बोलून टाकलं.

"सही करा. अर्धं तरी राहू दे. कपाटात असेल तर उद्या वातावरण बदलल्यावर पाटी बदलता येईल. खुर्चीच गेली तर कोण विचारणार? आमच्याकडे आजोबांच्या भावाची ती कात्रीसुद्धा राहिली नाही, मिस अर्नेस्टीन. काहीच राहिलं नाही. मला माहितीये काही न राहणं म्हणजे काय."

त्या चालायच्या थांबल्या नाहीत, मीच शेजारून जवळजवळ पळत होते.

"बेबी, ती मुलं रोज लॉबीतून जातील. बघतील, म्हणतील, अरे वा, जॅक लावलाय, किती मजेशीर. आणि हसत क्लासला जातील. क्लॅरेन्सला मजा वाटली नव्हती. तो त्या दुकानातून परत आला तेव्हा रडत होता. मी होते तिथे."

"पण निदान क्लॅरेन्सचं नाव..."

"नाव!" त्या ओरडल्या. एक गाडी थबकली. "तू पण चकत्या लावायला आलीस का?"

मला ते लागलं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आणि खरं सांगायचं तर आजही मला वाटतं की माझं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. कोण बरोबर होतं याचा निकाल माझ्याकडे नाही, आणि म्हणूनच ही बाई माझ्या मनातून जात नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला. सही केलेली नाही, पिकअप येतोय, खुर्ची उचलायला ये.

खुर्ची इमानी नावाच्या केमिकल इंजिनिअरिंगच्या मुलीकडे जाणार होती. गावाबाहेर पाच-सहा ब्लॅक मुली मिळून भाड्याने घर घेऊन राहत, आणि इमानी तिथल्या किचनमध्ये सगळ्यांच्या वेण्या घालून देई. खुर्ची आधी जशी हातोहात जायची तशीच ती पुढे द्यायची, असं मिस अर्नेस्टीननी ठरवलं होतं. इमानीला अट एकच घातली होती. जो बसेल त्याला गळ्याभोवती कापड बांधल्यावर आधी ती पहिली ओळ सांगायची, मग केसांना हात लावायचा.

"आणि ती पास होऊन गेल्यावर?" मी विचारलं.

"ती बघेल. आम्ही बघितलं होतं तसं."

नव्या इमारतीच्या, म्हणजे डीनच्या ऑफिसच्याच, दारासमोर पिकअप उभा होता. मिस अर्नेस्टीन, मी, इमानी आणि तिची एक मैत्रीण अशा चौघींनी खुर्ची मागे चढवली, इमानीने दोर आवळले. काचेच्या दारामागे मिस्टर कोल उभे असलेले मला दिसले. तेवढ्यात कॅम्पस टूर आली. पुढे उलटं चालत बोलणारा गाइड, मागे होऊ घातलेले विद्यार्थी आणि त्यांचे आईबाप. गाइड पिकअपला वळसा घालून पुढे निघाला, पण त्यातले एक वडील थांबले. बहुधा इंजिनिअर असावेत, कारण ते थेट वाकून जॅक बघायला लागले.

"वा! ही कोणी डिझाइन केली?"

मिस अर्नेस्टीन तेव्हा पुढच्या सीटवर चढत होत्या. त्यांनी मागे वळून त्या माणसाकडे बघितलं. सगळी टूर एव्हाना पिकअपभोवती गोळा झाली होती. मी घाईघाईने मोबाइल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. आता त्या सांगणार, आणि हे माझ्याकडे राहणार, एवढंच माझ्या डोक्यात.

"ते बंद कर," त्या मला म्हणाल्या, आणि त्या वडिलांना म्हणाल्या, "ही सांगेल तुम्हाला."

"मी?"

"आम्हाला उशीर होतोय, बेबी."

दार लागलं. सगळे माझ्याकडे बघत होते. काचेमागून मिस्टर कोलही. मी व्हिसावरची बाई, विद्यापीठाचं ओळखपत्र गळ्यात, आणि उभी कुठे, तर डीनच्या ऑफिसच्या दारात. मोबाइल पर्समध्ये टाकला.

"या गावातले न्हावी," मी सुरुवात केली, "ब्लॅक विद्यार्थ्यांचे केस कापत नसत."

गाइड बोलायचा थांबला. पिकअप सुरू झाला. मला वाटलं त्या निदान एवढं ऐकतील, मान तरी हलवतील. छे. खिडकीतून बाहेर आलेला त्यांचा हात दारावर थापट्या मारत होता, चल, चल, म्हणून इमानीला घाई करत. खुर्ची एका बाजूला कललेलीच गेटमधून बाहेर पडली आणि वळणावर दिसेनाशी झाली. त्या आठवड्याच्या शेवटी मिस अर्नेस्टीन अटलांटाला गेल्या. त्यानंतर आमची भेट नाही.

"का नाही कापायचे?" एका मुलीने विचारलं. ती माझ्या लेकीच्या वयाची असेल.

मी पुढचं सांगायला लागले.